बू अली सीनाच्या शेजारची अत्तारी: काय घ्यावं, काय तिथेच ठेवून यावं

इराणातल्या हमदानला गेलेला माणूस बू अली सीनाची कबर बघितल्याशिवाय परतत नाही, आणि कबर बघून बाहेर पडलेला माणूस अत्तारीत शिरल्याशिवाय राहत नाही. चौकातून बाजाराच्या दिशेने निघालं की अशी दुकानं लागतातच. अत्तारी म्हटल्यावर अत्तराच्या कुप्या शोधत बसू नका. तिथे वाळलेली फुलं, मुळ्या, बिया, खडीसाखर, केशर, गुलाबपाणी आणि नाना तऱ्हेचे अर्क मिळतात. आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात असतो तसलाच माल. फक्त इथे काउंटरवर रंगीत खोक्यांची भिंत असते आणि त्यातल्या कितीतरी खोक्यांवर पगडी-दाढीवाला एकच चेहरा छापलेला असतो. तोच बू अली सीना, हजार वर्षांपूर्वीचा वैद्य. युरोपात त्याला अविसेना म्हणतात, आपल्याकडचे हकीम शेख-उर-रईस म्हणतात.

मी आणि माझ्या वन्सं एप्रिलच्या शेवटी गेलो होतो. मिरजेत माझं मेडिकल आहे आणि फार्मसी झाल्यापासून मी काउंटरमागेच उभी आहे. त्यामुळे कुठलंही खोकं हातात आलं की आधी उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायचं ही सवय. फारसी वाचता येत नाही, म्हणून ते काम आमच्या ड्रायव्हरला लावलं. तेहरानचा पोरगा, इंग्रजी चांगलं, आम्हाला दोघींनाही ‘खानुम’, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी हसून द्यायचा.

गुण आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. सुट्या मालाला चार, मालकाला साडेचार, छापील खोक्यांना एक. सरासरी काढत बसू नका, मी काढलेली नाही. दुकानाचं नावही देत नाही, कारण ओळीने सगळ्या दुकानांत खोकी तीच आहेत. एकट्याला बोल का लावायचा?

आधी कबरीबद्दल, कारण ती बघितल्याशिवाय या दुकानांचा धंदा समजत नाही. इमारत जुनी नाही. काजार राजवटीतली आधीची वास्तू पाडून होशंग सेहून या तरुण आर्किटेक्टने १९५० च्या सुमारास ही बांधली. खाली ग्रॅनाइटचा भक्कम चौथरा, पुढच्या बाजूला दहा खांब, आणि वर बारा धारांचा उभा, पोकळ मनोरा. बाराच का, तर बू अलीला बारा विद्या येत होत्या, असं तिथे सांगतात. मनोऱ्याचा आकार घेतलाय गुंबद-ए-काबूसवरून. गुर्गानकडचा तो विटांचा मनोरा बू अलीच्या हयातीतला, १००६ च्या सुमाराचा. म्हणजे सेहूनने हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला त्याच्याच काळातलं छप्पर दिलं. मला ही इमारत आवडली. काँक्रीट आहे हे लपवत नाही आणि उगीच निळ्या टाइल्स लावून जुनेपणाचा आव आणत नाही. मागे अलवंदच्या डोंगरावर बर्फ दिसत होतं.

आत कबरी दोन आहेत. एक बू अलीची, दुसरी अबू सईद दख्दूकची. या दुसऱ्या माणसाबद्दल गाइड मंडळी एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण मी तिथेच जास्त वेळ उभी राहिले. बू अली इथे बुवैही राजा शम्स-उद-दौला याचा वजीर होता. सैन्य बिथरलं, त्याचं घर लुटलं, त्याला ठार मारा म्हणून राजाच्या मागे लागलं. राजाने मारलं नाही, नुसतं पदावरून काढलं. तेव्हा चाळीस दिवस ज्याच्या घरात तो लपून राहिला तो हा दख्दूक. मग राजाच्या पोटात पुन्हा कळा सुरू झाल्या, वैद्याची शोधाशोध झाली, माफी मागितली गेली आणि वजिरी परत मिळाली. पोटदुखीने परत मिळालेलं मंत्रिपद इतिहासात आणखी कुणाला मिळालं असेल तर सांगा!

माणसं येतात, दगडावर दोन बोटं टेकवून पुटपुटतात, आणि मग सेल्फी काढतात. शाळेची पोरं होती, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं होतं, पांढरा कोट हातावर घेतलेल्या मेडिकलच्या मुलीही होत्या. इराणात १ शहरीवर, म्हणजे ऑगस्टची २३ तारीख, बू अलीच्या नावाने डॉक्टर दिन म्हणून पाळतात. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ ऑगस्टला, औषधविक्रेत्यांचा दिवस असतो आणि तो राझीच्या नावाने. हा वैद्य राझी बू अलीच्याही आधीचा, तेहरानजवळच्या रय गावचा. औषधवाल्यांना वेगळा बाप दिलाय हे कळल्यावर मला बरं वाटलं, नाहीतर सगळा मान डॉक्टरच घेऊन जातात.

संग्रहालयात वनस्पतींचे नमुने मांडलेत, जुनी शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत, पोथ्या आहेत. वनस्पतींच्या कपाटापाशी वन्सं थांबल्या आणि म्हणाल्या, “हे सगळं आपल्या आजीच्या बटव्यात होतं की गं.” सगळं नव्हतं, पण ज्येष्ठमध, बडीशेप, केशर, इसबगोल होतंच.

आता दुकान.

आत शिरल्यावर पहिला येतो तो वास. वाळलेला गुलाब, पुदिना, आणि त्याखाली कुठेतरी हिंगाची झुळूक. उजव्या हाताला पोती, तोंडं गुंडाळून उघडी ठेवलेली. डाव्या हाताला अर्काच्या बाटल्या: कासनीचा, पुदिन्याचा, बेदमुश्कचा. समोर मालक. सत्तरीचा असावा, स्वेटर घातलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. ड्रायव्हर त्याला ‘हाज आगा’ म्हणाला, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

वन्संना झोप लागत नाही ही त्यांची जुनी तक्रार. ड्रायव्हरने ती सांगितली. मला वाटलं, म्हातारा पुडी बांधायला घेणार. तर त्याने मागे ठेवलेलं स्टूल पुढे सरकवलं, वन्संना बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. वय काय? झोप लागतच नाही की लागून मोडते? हात-पाय गार पडतात का? दही खाल्लं तर काय होतं? पोट रोज साफ होतं का? चहा किती, रात्री जेवण कधी, जवळचं कुणी अलीकडे गेलं का? शेवटच्या प्रश्नाला वन्सं जरा गप्प झाल्या, कारण आमचे थोरले दीर गेल्याला फार दिवस झाले नव्हते. म्हाताऱ्याने मान हलवली, ‘खुदा रहमत कुनाद’, म्हणजे देव दया करो, म्हणाला आणि मगच उठला.

हे सगळं बू अलीचंच आहे, पण खोक्यावर छापून येतं ते नव्हे. ‘कानून’ नावाचा त्याचा वैद्यकाचा ग्रंथ पाच भागांत आहे आणि १०२५ च्या आसपास पुरा झाला. पहिल्या भागात औषधं येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. शरीर कसं चालतं, प्रकृती म्हणजे काय, आणि माणसाला निरोगी किंवा आजारी ठेवणाऱ्या रोजच्या गोष्टी कोणत्या, हे येतं: हवा, खाणंपिणं, हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, शरीरातून बाहेर पडणारं आणि आत अडकणारं, आणि मनाचे विकार. औषधी द्रव्यं दुसऱ्या भागात, डोक्यापासून पायापर्यंतचे आजार तिसऱ्यात, ताप वगैरे सर्वांगाचे आजार चौथ्यात आणि एकत्र कुटून करायची औषधं अगदी शेवटी पाचव्यात. हाज आगाने वन्संना विचारलेले प्रश्न पहिल्या भागातले होते. त्याने पुस्तक वाचलं असेल की नाही कुणास ठाऊक, बहुधा बापाकडून शिकला असेल. पण क्रम बरोबर होता.

निदान काय, तर वन्संची प्रकृती ‘सर्द’. इराणात हे गर्म-सर्द प्रकरण घराघरात आहे. मासे आणि दही सर्द, अक्रोड आणि खजूर गर्म, सर्दी झाली की खडीसाखर गरम पाण्यात विरघळवून पी. यावर हसायचा मला तरी अधिकार नाही. माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, “ताई, ही गोळी उष्ण तर पडणार नाही ना?” अँटिबायोटिकने पोटात आग पडली की तिला उष्णताच म्हणतात, आणि ताक पी म्हणून सांगणारीही घरीच बसलेली असते.

मग त्याने गुल-ए-गावजबान काढलं. हे या दुकानातलं सर्वात चांगलं आणि सर्वात महाग. उत्तरेकडच्या डोंगरात होतं, फुलाच्या पाकळ्या हाताने खुडाव्या लागतात, म्हणून किंमत. चांगला माल ओळखायचा रंगावरून. जांभळा-निळा असला पाहिजे, तपकिरी पडलेला म्हणजे गेल्या सालचा. त्याने दोन डबे उघडून दाखवले, एकातलं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. हलकं, चुरगळलेलं, जरासं गुलाबी देठ. दुसरा डबा स्वस्त होता आणि त्याचा रंग उतरलेला होता. ‘हा घेऊ नका,’ असं त्यानेच ड्रायव्हरकरवी सांगितलं. या एका वाक्याला मी अर्धा गुण वाढवून दिला.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केलं, कागदात ओतलं, पुडीला चार घड्या घातल्या आणि वर पेन्सिलीने लिहिलं: किती, कधी, किती दिवस. बरोबर लिमू अमानी, म्हणजे काळं पडलेलं वाळकं लिंबू, आणि नबात, म्हणजे काडीवर जमवलेली खडीसाखर. एवढ्यावर थांबला नाही. ड्रायव्हरकडून सगळं पाठ म्हणून घेतलं, मगच पुडी वन्संच्या हातात दिली. औषध देताना गिऱ्हाइकाकडून परत वदवून घ्यावं हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. संध्याकाळच्या गर्दीत कोण करतं?

हॉटेलवर आल्यावर करून बघितलं. गरम पाण्यात पाकळ्या टाकल्या की पाणी निळसर-जांभळं होतं, आणि वाळकं लिंबू फोडून घातलं की बघता बघता गुलाबी. आंबटाने रंग बदलतो, जादू नाही, पण वन्संनी दोनदा करून बघितलं. चव सौम्य, जरा फुलासारखी, नबातमुळे गोड. झोप? त्या रात्री लागली. दिवसभर चढ-उतार झाला होता, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते मी ठरवणार नाही. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, जी पुडीवर नव्हती. या फुलाच्या कुळात यकृताला त्रास देणारी अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. चार-आठ दिवस, अधूनमधून, ठीक. महिनोन्महिने रोज पिऊ नये, गरोदर बाईने तर नकोच.

आता खोकी. इथे मला राग आला.

एका खोक्यावर बू अलीचा चेहरा आणि ‘चरबी वितळवणारं दमनूश’. दुसऱ्यावर तोच चेहरा, ‘साखर उतरवणारं’. तिसऱ्यावर पुन्हा तोच, ‘छाती आणि जठर’. दमनूश म्हणजे गरम पाण्यात बुडवायच्या काढ्याच्या पिशव्या. आणि हा चेहरा तरी कुठला? बू अलीचं त्याच्या काळातलं चित्रच नाही. आज जो सगळीकडे दिसतो तो अबोलहसन सदीकी या इराणी चित्रकाराने विसाव्या शतकात कल्पनेने काढलेला. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा फोटो लावून वजन उतरवायचा चहा विकतात आणि तो फोटोही त्याचा नाही.

ड्रायव्हरला मागची बाजू वाचायला लावली. ‘छाती आणि जठर’वाल्यात घटक सहा-सात, त्यात ‘शीरीन बयान’. म्हणजे ज्येष्ठमध. घशाला छान, खोकल्याला छान, पण रोज घेतला तर रक्तदाब वाढवतो आणि शरीरातलं पोटॅशियम खाली आणतो. वन्संना बीपीची गोळी चालू आहे, तीही लघवी वाढवणाऱ्या औषधासकट. म्हणजे पोटॅशियम आधीच तिकडून जातंय, ते इकडूनही जाणार. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नाही. खरं सांगायचं तर इथे हाज आगाही कमी पडला. दही, चहा, दु:ख, सगळं विचारलं, पण ‘दुसरं कुठलं औषध चालू आहे का’ हे विचारलं नाही. पाचातला उरलेला अर्धा गुण तिथे गेला. वन्संनी खोकं हातात घेतलं होतं, मी काढून परत मांडणीवर ठेवलं. “तुझं मेडिकल इथेही आलं वाटतं,” असं म्हणाल्या.

गंमत अशी की या खोक्यांना सर्वात आधी नापास केलं असतं ते बू अलीनेच. ‘कानून’च्या दुसऱ्या भागात, औषधांची यादी सुरू करण्याआधी, त्याने औषध पारखायच्या सात अटी सांगितल्यात. द्रव्य शुद्ध असावं, त्यात बाहेरून आलेला गुण नसावा, जसं तापवलेलं पाणी जात्या गरम नसतं. आजार एकच असावा, दोन-तीन गुंतलेले नकोत, नाहीतर कशाने काय बरं झालं ते कळायचं नाही. एकमेकांविरुद्ध प्रकृतीच्या दोन आजारांवर ते वापरून बघावं. औषधाचा जोर आजाराच्या जोराएवढा असावा, म्हणून कमी जोरापासून सुरुवात करावी. परिणाम किती वेळाने दिसतो ते बघावं. तोच परिणाम पुन्हा पुन्हा, बहुतेकांत दिसला पाहिजे. एकदा दिसला तर तो योगायोग. आणि शेवटची, माणसावरच पारखावं, कारण सिंहावर किंवा घोड्यावर चाललेलं माणसावर चालेलच असं नाही.

याला आजच्या अर्थाने क्लिनिकल ट्रायल म्हणणं मला पटत नाही, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आकडेमोड नाही, आणि यातलं बरंच त्याच्याआधी ग्रीक वैद्य गेलनने लिहून ठेवलं होतं. पण पहिल्याच अटीवर ते सात घटकांचं खोकं बाद होतं की नाही? सात वनस्पती एकत्र कुटल्या, आता त्यातली कुठली काय करते ते शोधा. सहावी अट लावली तर दुकानातली निम्मी मांडणी रिकामी होईल. आणि चरबी वितळवायचं म्हणाल तर या माणसाने व्यायाम आणि झोप यांवर पानंच्या पानं लिहिलीत, ती छापायला खोक्यावर जागा सापडली नाही.

हा माणूस नीट कळला तर त्याला असं चहाच्या खोक्यावर बसवणं विनोदीच वाटतं. जन्म ९८० चा, बुखाऱ्याजवळच्या अफशना गावचा, जे आज उझबेकिस्तानात आहे. दहाव्या वर्षी कुराण पाठ, सतरा-अठराव्या वर्षी सामानी घराण्यातल्या राजाच्या आजारात बोलावणं आलं, आणि त्या राजाची ग्रंथशाळा वाचायला मिळाली. त्याची आत्मकथा, जी पुढे त्याचा शिष्य जुझजानीने पुरी केली, त्यात एक प्रसंग आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं तत्त्वज्ञानाचं एक पुस्तक त्याने चाळीस वेळा वाचलं, पाठ झालं, पण समजलं नाही. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात एक दलाल मागे लागला, हे घ्या, स्वस्तात देतो, मालकाला पैशाची गरज आहे. तीन दिरहमला घेतलं. ते निघालं आधीच्या पिढीतल्या फाराबी या तत्त्वज्ञाने त्याच पुस्तकावर लिहिलेलं विवेचन. घरी गेला, वाचलं आणि कोडं सुटलं. दुसऱ्या दिवशी गरिबांना दानधर्म केला. बाजारात गळ्यात पडलेला माल कधीकधी चांगलाही निघतो, एवढं त्या खोकीवाल्यांच्या बाजूने म्हणता येईल.

त्याचा ‘कानून’ बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या वैद्यकीय विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. १५९३ मध्ये रोमला तो अरबीत छापला गेला. आपल्याकडे युनानी वैद्यकाचा तोच कणा. मुंबई, पुणे, मालेगावच्या युनानी कॉलेजांत पोरं आजही त्यातलं शिकतात, अलीगढला त्याच्या नावाची अकादमी आहे. ताजिकिस्तानने वीस सोमोनीच्या नोटेवर त्याला छापलं आणि २००६ मध्ये लेनिनच्या नावाचं शिखर त्याच्या नावाने केलं. इराणी म्हणतात आमचा, उझबेक म्हणतात आमचा, त्याने लिहिलं बहुतेक अरबीत. चंद्रावरही त्याच्या नावाचं विवर आहे, तिथे अजून अत्तारी निघालेली नाही.

इराणात आज हा विषय नुसता आजीबाईंचा राहिलेला नाही. वैद्यकीय विद्यापीठांत पारंपरिक इराणी वैद्यकाचे वेगळे विभाग आहेत, आधी रीतसर डॉक्टर झालेली माणसं तिथे पुढचं शिकतात, संशोधन करतात. त्याच वेळी २०२० मध्ये कोम शहरातल्या एका मौलवीने आधुनिक वैद्यकाचं नावाजलेलं पाठ्यपुस्तक जाळलं, व्हिडिओ फिरला, डॉक्टर मंडळी संतापली. त्या मौलवीचं ‘इस्लामी वैद्यक’ वेगळं, त्यात बू अलीला जागा नाही. ड्रायव्हरने हे सांगताना पुढे जोडलं, “खानुम, बू अली असता तर त्याने आधी ते पुस्तक वाचून काढलं असतं.” पोरगा हुशार होता.

आणि त्याचा मृत्यू. हे कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत, पण औषधाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं. शेवटी शेवटी इस्फहानचा राजा अला-उद-दौला याच्याबरोबर मोहिमेवर असताना त्याला पोटशूळ झाला. लढाईत मागे पडायला नको म्हणून घाई केली, एका दिवसात आठ वेळा बस्ती, म्हणजे एनिमा, घेतला आणि आतडी सोलवटली. मग बस्तीत अजमोदाचं बी घालायला सांगितलं, दोन दानक. घालणाऱ्या वैद्याने घातलं पाच दिरहम. दिरहमचा सहावा भाग म्हणजे दानक, तेव्हा हिशेब करा: पंधरा पट. जुझजानी लिहितो की मुद्दाम घातलं की चुकून, ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो. त्यावर कडी म्हणजे एका गुलामाने त्याच्या औषधात भरपूर अफू मिसळली. त्या नोकरांनी पैसे चोरले होते म्हणे, पकडले जायची भीती होती. त्यातून तो कसाबसा सावरला, पुन्हा पथ्य मोडत राहिला, आणि १०३७ मध्ये हमदानला आला तो जाण्यासाठीच. सत्तावन्नाच्या आसपास वय. शूळावर स्वतंत्र पुस्तिका लिहिलेला माणूस शूळाने गेला, आणि त्यात डोस चुकण्याचा वाटा होता. हाज आगा पुडीवर पेन्सिलीने लिहून वर पाठ म्हणून घेतो, त्याची किंमत मला इथे कळली.

तर खरेदीचं. घ्यायचंच असेल तर सुटा माल घ्या, खोकी नको. गुल-ए-गावजबान थोडं, केशर थोडं, आणि ते अख्ख्या तंतूंचंच घ्या, भुकटी नाही. वाळकी लिंबं घ्या, आमटीतही छान लागतात, मी तुरीच्या वरणात घातली आणि घरात कुणी तक्रार केली नाही. सिकंजबीन, म्हणजे व्हिनेगर-साखर-पुदिन्याचा पाक, बाटलीत मिळतो. इराणी लोक त्यात लेट्युसची पानं बुडवून खातात. आम्ही दुकानातच चाखला, उन्हाळ्यासाठी झकास, पण विमानात बाटली नेण्याची कटकट मी केली नाही. अर्कांच्या बाटल्याही त्याच कारणाने सोडल्या. बेदमुश्कचा मात्र सोडताना जीवावर आलं.

भारतातलं कार्ड इराणात चालत नाही, रोख घेऊन जा. किंमत तोमानात सांगतात, नोटेवर रियाल असतो, एक शून्य इकडे-तिकडे होतं, तेव्हा पैसे देण्याआधी एकदा विचारा. म्हाताऱ्याने आम्हाला फसवलं नाही, उलट जास्त दिलेली नोट परत केली. दुपारी एकनंतर दुकान बंद होतं ते पाचच्या पुढे उघडतं, शुक्रवारी बंद. डोक्यावर ओढणी असू द्या. दुभाष्या बरोबर नसेल तर जाऊ नका, कारण या दुकानाची खरी किंमत त्या प्रश्नांत आहे, आणि तुम्हाला चालू असलेल्या गोळ्यांची नावं न विचारता आपणहून सांगायची आहेत.

खाकशीर घेणार असाल तर, म्हणजे सरबतात घालतात ते तांबूस बारीक बी, एक लक्षात ठेवा. त्यात माती-खडा असतोच, तिथल्या बायकाही तसंच घेऊन येतात. भांड्यात पाणी घालून बी वर येऊ द्यायचं, अलगद दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तळाची रेती टाकायची, असं तीन-चार वेळा. वन्संनी एकदाच केलं आणि पहिल्या घोटाला दाताखाली कचकन आलं.